जावेच्या कागदाला मी दिलेले मार्क

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो. हे वाक्य लिहिताना मी दोनदा खोडलं. पहिल्यांदा ‘हेवा’च्या जागी ‘कौतुक’ लिहिलं होतं, दुसऱ्यांदा मध्ये ‘कधीकधी’ असा शब्द घातला होता. दोन्ही खोटं. हेवा वाटतो आणि रोज वाटतो.

जावांजावांत हेवा म्हटलं की लोकांना साड्या आणि पाटल्या आठवतात. आमच्यात तो टूलच्या कागदांवरून आला. हे कुणाला सांगायला गेलं की आधी माझं काम समजावून सांगावं लागतं, आणि तोवर ऐकणाऱ्याचा चहा संपून तो उठलेला असतो.

तर आधी काम. बारामतीच्या एमआयडीसीत आमचं छोटं ऑफिस आहे. आम्ही एजंट बनवतो. एजंट म्हणजे संगणकातला कारकून. शेतकऱ्याचा फोन आला की तो बोलतो, काय हवंय ते समजून घेतो आणि त्या कामाचं टूल चालवतो. उसाची नोंद शोधायचं एक टूल, तोडणीचा क्रम लावायचं एक, पाण्याच्या पाळीचं एक. ही टूल आतून कशी चालतात ते एजंटाला ठाऊक नसतं. प्रत्येक टूलसोबत एक लिखाण असतं: हे काय करतं, त्याला कुठली माहिती द्यायची, ते काय उत्तर देतं, कधी वापरायचं नाही. एजंट तेवढंच वाचतो आणि कामाला लागतो. लिखाण चांगलं तर एजंट हुशार, लिखाण भिकार तर एजंट ठोंब्या. माझं काम ही लिखाणं तपासून त्यांना मार्क द्यायचं. स्पष्टपणा, पूर्णता, आटोपशीरपणा, भाषा आणि उदाहरणं, प्रत्येकाला पाचपैकी. ऑफिसात आधी सगळे याला डॉक्युमेंटेशन म्हणायचे. माझी जाऊ आली आणि ‘कागद’ म्हणायला लागली. आता आमचे सरसुद्धा ‘कागद’च म्हणतात.

आमच्या आबांना, म्हणजे सासऱ्यांना, मी हे काम एकदा समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजी तू पेपर तपासतीस. मास्तरीणच की.” माझे वडील बारामतीत हायस्कूलला मास्तर होते, त्यामुळे मला ते आवडलं. मी इंग्रजी माध्यमात शिकले, पुण्यात इंजिनिअर झाले, पहिला वर्ग कधी सोडला नाही. लग्न होऊन पिंपळीला आले तेव्हा या घरात माझ्याएवढं शिकलेलं कुणी नव्हतं, आणि ते मला कुणी विसरू दिलं नाही. मीही कुणाला विसरू दिलं नाही.

जाऊ भवानीनगरची. बारावी झालेली. तिचे वडील साखर कारखान्यात होते, आणि लग्नाआधी दोन हंगाम तीही शेतकी विभागात उसाच्या नोंदी लिहायला बसायची. आमच्या ऑफिसला कारखान्याच्या कामासाठी सहा महिन्यांपुरतं माणूस हवं होतं, नोंदी समजणारं. मीच तिचं नाव सुचवलं. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. माझ्या स्कूटीवर, माझ्या मागे बसून, माझ्या ऑफिसात ती आली. पाटाच्या कडेनं जाताना मी तिला सूचना देत होते: मीटिंगमध्ये मध्येच बोलू नकोस, कळलं नाही तर मला विचार, सरांना ‘व्हय’ म्हणू नकोस. ती म्हणाली, “बरं अक्का.”

दुसऱ्याच आठवड्यात मीटिंगमध्ये माझा कागद निघाला. उसाची नोंद शोधायच्या टूलचा. तो मी लिहिलेला होता आणि त्याला स्पष्टपणाला पाचपैकी पाच होते. सरांनी सहज तिला विचारलं, तुम्हाला कसा वाटतो? ती म्हणाली, “वाचून कळत न्हाय सर. बसून बघावं लागंल.” आणि खरोखरच ती माझा कागद हातात घेऊन खुर्चीत ताठ बसली. “मी एजंट. मला ह्या कागदाबाहेरचं कायच म्हायती न्हाय. तुमी शेतकरी. करा फोन.”

सर शेतकऱ्याच्याच घरातले. त्यांनी हात कानाला लावला. “हॅलो, आमची नोंद झालीय का बघा की.”

जावेनं कागदात बघितलं. “गट क्रमांक सांगा.”

“गट नंबर कुणाला पाठ असतोय? आमचं वढ्याकडचं रान, आंब्याच्या खालचं.”

ती परत कागदात बघत राहिली. वरून खाली, खालून वर. मग मान वर करून म्हणाली, “कागदात वढा न्हाय.” आणि हाताची घडी घालून गप्प बसली. सर “हॅलो, हॅलो” करत राहिले, ती हलली नाही. सगळे हसायला लागले. ती हसत नव्हती. ती खरंच अडकली होती, कारण माझ्या कागदानं तिला तिथंच सोडून दिलं होतं.

मीही हसले. नाकाला मिरच्या झोंबल्या असताना माणूस जसं हसतं तसं. आमच्या भागात रानाला नाव असतं, माळाचं, विहिरीचं, वढ्याकडचं, आणि गट नंबर तलाठ्याकडे असतो, हे मला काय ठाऊक नव्हतं? लग्न झाल्यापासून मी त्याच रानांची नावं ऐकत होते. पण कागद लिहिताना मी कागदासारखी लिहायची. तिनं त्या दिवशी माझ्या लिखाणाखाली दोन ओळी वाढवल्या: गट नंबर सांगता आला नाही तर रानाचं नाव विचारा, गाव विचारा, बांधाला बांध कुणाचा ते विचारा, मग शोधा. दुपारी तपासलं तर एजंट सरळ चालायला लागला होता.

तिथून सुरू झालं. ‘बसून बघणं’ ही ऑफिसची पद्धतच झाली. नवा कागद आला की सर म्हणायचे, “यांना एकदा बसवून बघा.” पुण्याहून आलेली पोरं तिच्यासमोर कागद घेऊन रांगेत उभी राहायची, आणि ती हाताची घडी घालून अडकली की त्यांना घाम फुटायचा. मी आठ वर्षं हेच काम करत होते. माझ्याकडे निकषांचा तक्ता होता, तो मी स्वतः रंग भरून तयार केला होता. आता लोक तक्ता माझ्याकडून न्यायचे आणि उत्तर तिच्याकडून. परत येताना ती स्कूटीवर मागे बसून गुणगुणायची, आणि त्या गुणगुणण्यानंसुद्धा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

घरी तरी माझं राज्य असावं की नाही? तर आबासुद्धा जेवताना तिला विचारायचे, “आज कुणाला अडिवलं?” ती सांगायची, नकला करून. आबा ठसका लागेपर्यंत हसायचे. मी भाकरी मोडत बसायची. आठ वर्षांत माझ्या ऑफिसातली एकही गोष्ट आबांनी दुसऱ्यांदा सांगायला लावली नव्हती.

मी स्वतःला समजावायचे की तिला मिळतंय ते माझ्यामुळेच. हे वाक्य दिवसातून तीनचारदा मनात म्हणायचे. त्यानं जळफळाट कमी होत नसे, फक्त त्याला जरा बरी साडी नेसवल्यासारखं होई.

पावसाळ्यात ती चार दिवस एका लग्नाला नरसिंहपूरला गेली आणि म्हैस माझ्या गळ्यात पडली. आमची म्हैस तिच्या हातची. जाताना तिनं वहीचं एक पान फाडून गोठ्याच्या खुंटीला अडकवलं होतं. ते पान अजून माझ्याकडे आहे. ‘आधी पेंड, मग पानी, मग कासंला हात. उलटं केलं तर पान्हा चोरंल. चोरला तर वरडू नका, बाजूला व्हा, दहा मिन्टांनी परत या. बादली वाजवू नका. लाथ मारली तर तुमची चूक न्हाय, माझा वास येत न्हाय म्हणून. माझी जुनी साडी हितंच हाय, ती गुंडाळून बसा. दूध कमी आलं तर फोन करा. जास्त आलं तर करू नका.’

मी तिची साडी गुंडाळून, बादली न वाजवता बसले, आणि म्हशीनं पान्हा सोडला. जन्मात कधी धार काढली नव्हती, पण त्या पानावर मी चार दिवस निभावलं. आणि धार काढता काढता मला दिसलं की त्या पानात सगळं आहे. काय द्यायचं, कुठल्या क्रमानं द्यायचं, चुकलं तर काय, चूक कुणाची, कधी हाक मारायची आणि कधी मारायची नाही. माझ्या तक्त्यात मी जे पाच रकाने रंगवले होते ते तिनं गोठ्यात उभ्या उभ्या भरले होते. कुणी शिकवलं नव्हतं. दूध घेऊन घरात आले तेव्हा माझे डोळे भरले होते. आबांना वाटलं लाथ लागली.

मग तिचे सहा महिने संपत आले. कायमची एकच जागा होणार होती. सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की महिन्याअखेर निर्णय घ्यायचाय, तोडणीचा क्रम लावायच्या टूलचा कागद तिनं लिहिलाय, तो तुम्ही तपासा आणि मार्क द्या. तुमच्या मार्कांवर आणि चाचणीवर ठरवू. निघताना म्हणाले, “घरचं माणूस आहे म्हणून झुकतं माप देऊ नका हं.”

एवढं वाक्य मला पुरेसं होतं. दुसऱ्या कुठल्या आडोशाची मला गरजच उरली नाही.

तिला ही जागा हवी होती, आणि किती हवी होती ते मला ठाऊक होतं. माझे दीर एका दूध डेअरीत होते, घर चालत होतं, तो प्रश्न नव्हता. पण एकदा पाटाच्या पुलावर आम्ही पेरू खायला थांबलो होतो तेव्हा ती म्हणाली होती, “अक्का, कारखान्यात मी दोन वरसं दुसऱ्यानं सांगिटलेलं लिवलं. हितं पयल्यांदा मी सांगते आन लोक लिवत्यात.” तेव्हा मी पेरूच्या बिया थुंकण्यात गुंग असल्याचं दाखवलं होतं.

मी तिचा कागद वाचला. सरळसरळ सांगते, तो उत्तम होता. मी लिहिला असता तर चौकटीत लावला असता. म्हणून मी चष्मा पुसला आणि दोष शोधायला बसले. आटोपशीरपणा: दोन, कारण लांबी फार. भाषा: दोन, कारण बोलभाषेतले शब्द. उदाहरणं: तीन, कारण एक उदाहरण दोनदा आलंय. आणि मग ही ओळ आली: ‘खोडव्याला लागण नसते. लागणीची तारीख विचारली तर शेतकरी मूळ लागणीची सांगेल. ती घेऊ नका. मागची तोड कधी झाली ते विचारा आणि ती तारीख टाका.’

ऊस न पिकवणाऱ्यासाठी सांगायला हवं. ऊस एकदा लावला, तुटला, की त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटतो, तो खोडवा. त्याचं वय मागच्या तोडणीपासून धरायचं. पण आमच्याकडच्या माणसाला लागण कधी केली विचारलं, तर तो जमिनीत कांडी पडली तो दिवस सांगणार. तो दिवस त्याला पोराच्या जन्मासारखा पाठ असतो. त्यात तो खोटं काही बोलत नाही, उलट फार खरं बोलतो. आणि ते खरं टूलमध्ये गेलं की आठ महिन्यांचा खोडवा दीड वर्षापेक्षा जुना होऊन बसतो, आणि कोवळाच तोडीला पहिल्या नंबरवर येतो.

मी त्या ओळीवर लिहिलं: ‘अनावश्यक. उसाचा प्रकार वेगळ्या रकान्यात घेतलाच आहे. काढा.’

मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. लिहिताना बोट एकदा थांबलं होतं. मग मी मनाशी म्हणाले, प्रकार खोडवा असं दिसलं की एजंटाला समजेल, एवढं काय. आणि पाठवून दिलं.

ती माझ्या टेबलाशी आली. “अक्का, ही वळ काढू?”

“काढ.”

ती “बरं” म्हणाली आणि गेली. पाच मिनिटांत ओळ गेली.

चाचणीसाठी खऱ्या शेतकऱ्यांना एजंटाकडून फोन जाणार होते. यादीत आबांचंही नाव होतं, त्यांनी हौसेनं घालून घेतलं होतं. संध्याकाळी पडवीत त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला. मी शेंगा सोलत होते, जाऊ समोर तांदूळ निवडत होती. एजंटानं गोड आवाजात नमस्कार केला, गाव विचारलं, रान विचारलं. आबांनी ‘विहिरीचं’ म्हणून सांगितलं, एजंटानं बिनचूक शोधलं. आबांनी आमच्याकडे बघून भुवया उडवल्या. उसाचा प्रकार? “खोडवा.” मग एजंट म्हणाला, “लागणीची तारीख सांगता का?”

“लागण व्हय? मागल्या वर्षीची. संक्रांत झाली त्याच आठवड्यात कांडी पडली रानात.”

“धन्यवाद. नोंद झाली.”

जावेचे हात तांदळात थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं. मी शेंगेकडे बघितलं. दोघींपैकी एकीनं जरी तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. आबांनी फोन ठेवला आणि विचारलं, “बराबर सांगिटलं न्हवं?”

“बरोबर सांगितलं,” मी म्हणाले.

तीन दिवसांनी यादी आली. कारखान्याकडच्या माणसांनी ती त्यांच्या यादीशेजारी ठेवली आणि फोन करून हसले. त्या वर्षी फेब्रुवारीत तोड होऊन पुन्हा फुटलेले कोवळे खोडवे सगळ्यात वर होते. आमचं विहिरीचं रानही. चाचणीच असल्यामुळे कुणाचा ऊस तुटला नाही, पण सरांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. काचेतून दिसत होतं, ऐकूही येत होतं. सर म्हणाले, “दोन हंगाम नोंदी लिहिल्यात ना तुम्ही? खोडव्याचं तुम्हाला माहीत नव्हतं?” ती म्हणाली, “चूक झाली सर. ऱ्हायलं लिवायचं.”

खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा बरं वाटलं. सहा महिन्यांनी पहिल्यांदा छातीवरचं काहीतरी उतरलं. मी जाऊन चहा घेतला आणि तो मला चांगला लागला. ती माझं नाव घेईल याची भीती होती, ती घेत नव्हती, मग तर चहा आणखीच चांगला लागला. ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकलं नाही. स्कूटीवर ती मागे बसली होती आणि गुणगुणत नव्हती. इतके दिवस ज्या गुणगुणण्यानं मी जळत होते ते थांबलं होतं, आणि मला मागे वळून बघायचा धीर होत नव्हता.

तरी मी दोन दिवस गप्प राहिले. पहिल्या दिवशी म्हटलं उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी म्हटलं ओळ तिनं काढली, मी फक्त सुचवलं. वरिष्ठ माणूस सुचवतो, लिहिणाऱ्यानं आपलं डोकं वापरायचं असतं. हे मी मनात इतकं नीट मांडलं की त्याला मी पाचपैकी पाच दिले असते.

दुसऱ्या रात्री जेवताना आबांपर्यंत बातमी पोचली होती. त्यांनी हसून नाही, खरोखरच दुखावून तिला विचारलं, “आगं, तू कारखान्यात बसायचीस. खोडव्याला लागण विचारत न्हाईत येवढं तुला कळाय नगं?” तिनं मान खाली घातली. “चुकलं आबा,” म्हणाली आणि मला भाकरी वाढली. मला! ती भाकरी तशीच ताटात ठेवून मी उठले.

सकाळी मी स्कूटी लावली आणि थेट सरांच्या केबिनमध्ये गेले. कागदाची आधीची प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली. ती ओळ, शेजारी माझा शेरा, खाली माझं नाव. सरांनी वाचलं. म्हणाले, “ही ओळ तर बरोबर आहे.”

“हो.”

“मग काढायला का लावलीत?”

मी म्हणाले, “मला तिचा हेवा वाटत होता.” एवढ्या काचेच्या ऑफिसात असं वाक्य कधी कुणी बोललं नसेल. सरांना ते कुठल्या रकान्यात घालावं कळेना. ते एवढंच म्हणाले, “दोन दिवस कुठं होतात तुम्ही?”

ओळ परत आली, चाचणी पुन्हा झाली, खोडवे आपल्या जागी गेले. जागा तिला मिळाली. आणि या कारखान्याच्या कामाचे सगळे कागद तपासायचं काम माझ्याकडून काढून तिच्याकडे दिलं. लिहायचं मी, मार्क तिनं द्यायचे. सरांनी आवाज न चढवता सांगितलं, मी मान हलवली.

परत येताना पुलाच्या अलीकडे मी स्कूटी थांबवली आणि तिला सगळं सांगितलं. शेरा मुद्दाम मारला होता हेही. मनात कुठंतरी वाटत होतं की ती रडेल, अक्का तुमी किती मोठ्या मनाच्या, असं काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, “मला म्हाईत हाय.”

“कधीपासून?”

“तुमी ‘काढ’ म्हणला तवाच. तुमाला खोडवा कळत न्हाय असं कसं हुईल? आबा रोज दुसरं काय बोलत्यात घरात?”

“मग काढलीस कशाला? बरोबर होती ना ओळ?”

ती पाण्याकडे बघत होती. “ठिवली आसती तर मार्क दिलं आसतं का तुमी?”

मी स्कूटीला किल्ली लावली. मग तिनं पदर खोचला आणि मागे बसता बसता म्हणाली, “आता तुमचं कागद माझ्याकडं येतील. मी काढ म्हणलं आन वळ बराबर आसली, तर भांडा माझ्याशी. माझ्यावानी गप बसू नगा.”

तेव्हाही मला हेवाच वाटला. इतकं सरळ बोलता येण्याचा.

पुढच्या आठवड्यात माझा पहिला कागद तिच्याकडे गेला, पाण्याच्या पाळीच्या टूलचा. मी जीव ओतून लिहिला होता, ती बसून बघेल तशी स्वतः चार वेळा बसून बघून. संध्याकाळी तो परत आला. एका ओळीपुढे तिनं लिहिलं होतं: ‘हे लागंल का?’ बाकी काही नाही. ती ओळ अशी होती: पाळी शेवटच्या टोकाकडून वर येते, म्हणून आधी चारीवरची जागा विचारा, मग तारीख सांगा. ओळ बरोबर होती. चारी म्हणजे पाटातून रानांकडे गेलेला लहान कालवा; ही ओळ नसती तर एजंट चारीच्या टोकाच्या माणसाला पाणी येऊन गेल्यावर तारीख सांगत बसला असता. मला हे पक्कं ठाऊक होतं, कारण मी पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याकडे जाऊन विचारून आले होते.

मी ती ओळ काढून टाकली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. वर मार्कांचे पाच रकाने रिकामे होते, ते मला दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या टेबलाशी आली. हातात कागद होता. “अक्का, ती वळ कुठं गेली? मी नुसतं इचारलं हुतं.”

मी तिच्या हातातल्या कागदावरच्या मार्कांच्या रिकाम्या रकान्यांकडे बोट केलं. ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

“घाबरला व्हय?” तिनं हळू आवाजात विचारलं.

“हो,” मी म्हणाले.